वॉर्सा घेट्टोचे भूमिगत दप्तर आणि ज्यू-संहाराच्या इतिहासाची साधने

१८ सप्टेंबर १९४६ रोजी वॉर्सा शहरातील नोव्होलिप्की रस्त्यावर विटामातीच्या ढिगाऱ्याखालून पत्र्याच्या दहा पेट्या बाहेर काढण्यात आल्या. रस्ता असा तेथे उरलाच नव्हता. १९४३ च्या वसंत ऋतूत एसएस दलांनी ज्यूंची ही सक्तीची वसाहत घराघरास आग लावून व सुरुंग पेरून जमीनदोस्त केली होती. त्यामुळे ६८ क्रमांकाची शाळा नेमकी कोणत्या जागी होती हे ठरविणे हेच उत्खननाचे पहिले काम होऊन बसले. जवळच्या चर्चचा मनोरा तेवढा उभा राहिला होता. पेट्यांची झाकणे डाख देऊन बंद केलेली नव्हती. चार वर्षे आत पाणी झिरपत राहिल्याने कागदांचे गठ्ठे भिजून एकमेकांस चिकटले होते, शाई पसरली होती, छायाचित्रांची तर फारच हानी झाली होती. पुढे १ डिसेंबर १९५० रोजी त्याच परिसरात नव्या बांधकामासाठी खणणाऱ्या मजुरांना दुधाच्या दोन मोठ्या किटल्या सापडल्या; त्यांतील कागद मात्र पुष्कळसे सुस्थितीत होते. दोन्ही साठे मिळून सुमारे ३५ हजार पृष्ठे भरतात. वॉर्सा घेट्टोचे भूमिगत दप्तर, अथवा त्याच्या संयोजकाच्या नावावरून रिंगेलब्लूम दप्तर, म्हणून आज ओळखले जाते ते हेच. १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिनोंदीत त्याचा समावेश केला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने व तिच्या साहाय्यकांनी केलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंच्या हत्येचा इतिहास लिहावयाचा तर साधने दोन प्रकारची आहेत: मारणाऱ्यांनी लिहिलेले कागद आणि मारल्या गेलेल्यांनी लिहिलेले कागद. पहिल्या प्रकारास तोटा नाही. जर्मन शासनयंत्रणा हत्येचाही पत्रव्यवहार जावक क्रमांक घालून करीत असे, आणि युद्धाच्या शेवटी या कागदांचे ढीगच्या ढीग विजयी राष्ट्रांच्या हाती पडले. दुसऱ्या प्रकारच्या साधनांची गोष्ट वेगळी. ती निर्माण होऊ नयेत, झाल्यास टिकू नयेत, अशीच सारी परिस्थिती होती. तरीही ती निर्माण झाली, आणि त्यांतील सर्वांत मोठा संग्रह एका प्रशिक्षित इतिहासकाराने हेतुपूर्वक, पद्धतशीर रीतीने घडविला, ही गोष्ट इतिहासशास्त्राच्या अभ्यासकास विशेष विचार करावयास लावणारी आहे. या साधनांना इतिहासकारांच्या जगात मान्यता मिळण्यास मात्र, ती जमिनीखाली जितकी वर्षे होती त्याच्या कित्येक पट अधिक वर्षे लागली.

एमान्युएल रिंगेलब्लूम यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९०० रोजी गॅलिशिया प्रांतातील बुचाच या गावी झाला. हा प्रांत तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. वॉर्सा विद्यापीठातून १९२७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषय होता वॉर्सातील ज्यूंचा प्रारंभापासून १५२७ पर्यंतचा इतिहास. उपजीविकेसाठी ते शाळेत इतिहास शिकवीत, डाव्या विचारांच्या एका ज्यू कामगार पक्षाचे काम करीत आणि उरलेला वेळ संशोधनास देत. पूर्व युरोपातील ज्यू इतिहासलेखनाची एक विशिष्ट परंपरा त्यांच्यामागे होती. सिमोन डुबनोव्ह या ज्येष्ठ इतिहासकाराने १८९१ मध्येच रशियातील ज्यूंना आवाहन केले होते की, ज्या समाजास स्वतःचे राज्य नाही त्याची राजदप्तरेही नसतात, म्हणून गावोगावच्या सामान्य माणसांनीच जुन्या वह्या, करारपत्रे, लोककथा गोळा केल्या पाहिजेत. १९२५ मध्ये विल्ना येथे स्थापन झालेल्या यिडिश संशोधन संस्थेने, जी ‘यिवो’ या आद्याक्षरांनी प्रसिद्ध आहे, हेच काम हौशी संग्राहकांच्या जाळ्याद्वारे चालविले. रिंगेलब्लूम या संस्थेशी निगडित होते. राजेरजवाड्यांचा नव्हे, तर शिंपी, हमाल, भिकारी यांचा इतिहास लिहावयाचा, ही त्यांची दृष्टी युद्धापूर्वीच बनलेली होती. घेट्टोने त्यांना इतिहासकार केले नाही. असलेल्या इतिहासकारापुढे घेट्टोने विषय आणून ठेवला, एवढेच.

१९३८ च्या ऑक्टोबरअखेर जर्मनीने आपल्या हद्दीतील सुमारे १७ हजार पोलिश ज्यूंना एकाएकी हाकलून दिले. त्यांतील हजारो लोक झ्बोंशिन या सरहद्दीवरील गावी अडकून पडले. मदतकार्यासाठी तेथे गेलेल्या रिंगेलब्लूम यांनी ब्लँकेटे व अन्न वाटता वाटताच निर्वासितांच्या हकीकतीही टिपून घेतल्या. मदत आणि नोंद ही दोन कामे एकाच माणसाने, एकाच वेळी करावयाची ही रीत येथे प्रथम दिसते. १९३९ च्या ऑगस्टमध्ये झायोनिस्ट काँग्रेसच्या निमित्ताने ते जिनिव्हा येथे होते. युद्धाचे ढग स्पष्ट दिसत असताना, तेथेच राहणे शक्य असूनही, ते वॉर्सास परतले आणि ऑक्टोबरपासून रोजच्या नोंदी लिहू लागले.

१९४० च्या नोव्हेंबरच्या मध्यास घेट्टोच्या भिंती बंद झाल्या. सुमारे तीन चौरस किलोमीटर जागेत पुढील काही महिन्यांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे कोंबली गेली. भूक व साथीचे रोग यांनी १९४२ च्या मध्यापर्यंत त्यांपैकी ८० हजारांच्या वर माणसे मेली. भिंती बंद झाल्यानंतर आठवडाभरातच, २२ नोव्हेंबर रोजी, रिंगेलब्लूम यांनी निवडक सहकाऱ्यांची बैठक बोलाविली. बैठका शनिवारी होत. म्हणून मंडळास ‘ओनेग शब्बात’, म्हणजे ‘शब्बाथचा आनंद’, असे निरुपद्रवी नाव मिळाले. वस्तीतील स्वयंसाहाय्य संघटना, तिची अन्नछत्रे व कार्यालये यांच्या आडोशाने हे काम चाले. मंडळात पन्नास ते साठ जण होते: शिक्षक, पत्रकार, अर्थशास्त्रज्ञ, रब्बी, लेखक, विद्यार्थी. हेर्श वासर हा चिटणीस. शिमोन हुबरबांड हा रब्बी धर्माचरणावरील आघातांची नोंद ठेवी. पेरेत्स ओपोचिन्स्की हा घेट्टोतील पोस्टमन. पत्रे वाटीत जिने चढता-उतरता त्याने जे पाहिले त्यातून घेट्टोतील चाळींच्या जीवनाची जी वर्णने निर्माण झाली, त्यांस तोड नाही. त्सेत्सिलिया स्वापाकोवा हिने घेट्टोतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन, कुटुंबाचा भार एकाएकी अंगावर पडलेली स्त्री कोणकोणत्या युक्त्यांनी घर चालविते याचा अभ्यास आरंभिला. १९४२ च्या उन्हाळ्यात तिला ट्रेब्लिंकास नेण्यात आले आणि अभ्यास अपुरा राहिला.

या संग्रहात काय नाही? जर्मन हुकूमनामे आणि ज्यू-मंडळाची पत्रके आहेत, तशीच रेशनकार्डे, ट्रामची तिकिटे, मिठाईच्या चांदीकागदाची वेष्टने, नाटकांच्या जाहिराती, उपाहारगृहांची दरपत्रके आहेत. भूमिगत वृत्तपत्रांचे अंक आहेत. शाळकरी मुलांचे निबंध आहेत. घेट्टोत प्रचलित असलेले विनोद आहेत. ज्या गावांतून ज्यूंना हुसकावून वॉर्सात आणले गेले अशा शेकडो गावांच्या हकीकती आहेत. भावी इतिहासकार कोणता प्रश्न विचारील हे आज सांगता येत नाही, म्हणून क्षुल्लक वाटणारी वस्तूही टाकून द्यावयाची नाही, असे हे धोरण होते. पन्नास वर्षांनंतर ‘दैनंदिन जीवनाचा इतिहास’ म्हणून विद्यापीठांतून जो विषय प्रतिष्ठित झाला, त्याची साधने येथे उपाशी माणसांनी आधीच जमवून ठेवली होती.

तथापि हा केवळ संग्रह नव्हता. मंडळाने प्रश्नावल्या तयार केल्या, विषय वाटून दिले, लेखकांस अल्पसे मानधन दिले, हस्तलिखितांच्या प्रती करविल्या. १९४१ च्या अखेरीपासून ‘अडीच वर्षे’ या नावाने युद्धकालीन ज्यू जीवनाचा १,६०० हून अधिक पृष्ठांचा एक समग्र अभ्यास हाती घेण्यात आला. रिंगेलब्लूम यांच्या पद्धतीत दोन गोष्टींवर भर होता. पहिली म्हणजे एकाच घटनेचे वर्णन अनेकांकडून मिळवावयाचे: प्रौढांकडून व मुलांकडून, श्रद्धावंताकडून व नास्तिकाकडून, म्हणजे एकाचा पूर्वग्रह दुसऱ्याच्या पूर्वग्रहाने तपासता येतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नोंद तत्काळ व्हावयास हवी, कारण घेट्टोत परिस्थिती इतक्या वेगाने पालटे की गेल्या वर्षी असह्य वाटलेली गोष्ट यंदा सुखाची वाटू लागे, आणि स्मृती नकळत मागचा काळ उजळ करून टाकी. युद्धानंतर लिहू म्हणणारा माणूस प्रामाणिक असला तरी खोटे लिहील, हे त्यांनी ओळखले होते. समकालीन कागदास उत्तरकालीन आठवणीपेक्षा श्रेष्ठ मानावे हा इतिहासशास्त्राचा जुना नियम आहे. पण स्वतःच्या मृत्यूच्या छायेत बसून आपल्याच लोकांविषयी तो कठोरपणे पाळणे ही गोष्ट निराळी. दप्तरात ज्यू पोलिसांच्या क्रौर्याविषयी, लाचलुचपतीविषयी, उपाशी माणसाच्या दाराशी चाललेल्या मेजवान्यांविषयी निःसंकोच लिहिलेले आहे. कोणाचीही भीड ठेवावयाची नाही, असा दंडकच होता. त्यामुळे हा संग्रह गौरवगाथा झालेला नाही, आणि त्याचे मोल त्यामुळेच वाढले आहे.

१९४२ च्या प्रारंभी या दप्तराचे स्वरूप पालटले. १९४१ च्या ८ डिसेंबरपासून खेल्म्नो या गावी बंद मोटारगाड्यांत विषारी वायू सोडून माणसे मारण्यास आरंभ झाला होता. तेथे प्रेते पुरण्याच्या कामास जुंपलेला एक तरुण जानेवारीत निसटून वॉर्सास पोहोचला. ‘श्लामेक’ या टोपणनावाने तो नोंदला गेला आहे. हेर्श वासर व त्याची पत्नी ब्लूमा यांनी त्याची जबानी उतरवून घेतली. तीत ज्यूंप्रमाणेच तेथे मारल्या गेलेल्या जिप्सींचीही नोंद आहे. यिडिशमधील या जबानीवरून अहवाल तयार करून पोलिश भूमिगत चळवळीकडे देण्यात आले. पोलंडमधील ज्यूंच्या कत्तलीच्या वार्ता भूमिगत मार्गांनी लंडनमधील पोलिश सरकारपर्यंत पोहोचल्या आणि जून १९४२ मध्ये बीबीसीवरून प्रसृत झाल्या. ज्या दिवशी हे वृत्त ऐकू आले त्या दिवशी रिंगेलब्लूम यांनी आपल्या नोंदीत कृतकृत्यतेची भावना व्यक्त केली आहे. जगास कळले म्हणजे जग काही करील, ही अपेक्षा त्यामागे होती. श्लामेक स्वतः पुढे बेल्झेत्स येथील छावणीत मारला गेला.

२२ जुलै १९४२ रोजी वॉर्सातून ट्रेब्लिंकाकडे रोज गाड्या सुटू लागल्या. दुसऱ्याच दिवशी ज्यू-मंडळाचा अध्यक्ष आडाम चेर्निआकोव्ह याने विष घेतले. २१ सप्टेंबरपर्यंत अडीच लाखांहून अधिक माणसे नेण्यात आली. ‘अडीच वर्षे’ या अभ्यासाचे लेखक, मुलाखती देणारे, नकला करणारे एकेक करून नाहीसे झाले. दप्तर वाचविण्याची जबाबदारी इस्राएल लिख्टेनश्टाइन या शिक्षकावर होती. नाहुम ग्झिवाच आणि डावीड ग्राबर या आपल्या दोन तरुण विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्याने ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत, बाहेर धरपकड चालू असताना, नोव्होलिप्की ६८ येथील शाळेच्या तळघरात दहा पेट्या पुरल्या. शेवटच्या घटकेस तिघांनीही स्वतःविषयी चार ओळी लिहून आत ठेवल्या. ग्राबर १९ वर्षांचा होता. जे जगास ओरडून सांगता आले नाही ते येथे पुरले आहे, आणि हा ठेवा बाहेर निघालेला पाहावयास आपण असावे असे फार वाटते, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. लिख्टेनश्टाइनने स्वतःसाठी काही मागितले नाही. आपली पत्नी, चित्रकार गेला सेक्स्टाइन, आणि वीस महिन्यांची मुलगी मार्गालित यांची आठवण राहावी, एवढे मागितले. गेलाची चित्रे त्याच पेट्यांत होती. म्हणूनच ती आज पाहता येतात. तिघांपैकी कोणीही युद्धातून वाचले नाही.

यानंतरही काम थांबले नाही. ट्रेब्लिंकातून पळून आलेल्या अब्राहम क्शेपित्स्की याची दीर्घ जबानी राखेल आउअरबाख या लेखिकेने उतरवून घेतली. तोवर ती घेट्टोतील एक अन्नछत्र चालवीत असे. नोव्हेंबर १९४२ मध्ये वॉर्सातील ज्यूंच्या विनाशाविषयी सविस्तर अहवाल लंडनला रवाना झाला. फेब्रुवारी १९४३ मध्ये दुसरा साठा दुधाच्या किटल्यांत घालून पुरण्यात आला.

रिंगेलब्लूम यांनी पत्नी व मुलासह भिंतीपलीकडे ग्रुयेत्स्का रस्त्यावरील एका बागेखाली खोदलेल्या तळघरात आश्रय घेतला होता. एप्रिल १९४३ मध्ये ते घेट्टोत परत गेले असतानाच तेथे उठाव झाला. ते पकडले गेले आणि त्राव्निकी येथील श्रमछावणीत पोहोचले. तेथून एक पोलिश रेल्वे कामगार व एक ज्यू तरुणी यांनी त्यांची सुटका केली. तळघरातील चाळीसेक माणसांच्या दाटीत बसून त्यांनी युद्धकालीन पोलिश-ज्यू संबंधांवर प्रबंध लिहिला, तो मुद्दाम पोलिश भाषेत. ७ मार्च १९४४ रोजी ती जागा जर्मनांना कळली. रिंगेलब्लूम, त्यांची पत्नी युदिता, मुलगा उरी, बाकीचे आश्रित आणि त्यांना आश्रय देणारा पोलिश माळी म्येचिस्वाव्ह वोल्स्की व त्याचा भाचा, या सर्वांना थोड्याच दिवसांत गोळ्या घालण्यात आल्या. मंडळाच्या अंतर्वर्तुळातील तिघेच वाचले: हेर्श व ब्लूमा वासर आणि राखेल आउअरबाख. पेट्या शोधल्याच पाहिजेत हा आग्रह आउअरबाखने १९४६ च्या स्मृतिसभेत इतक्या निकराने धरला की अखेर उत्खनन झाले.

सापडल्यानंतरचा इतिहासही सरळ नाही. १९४४ च्या ऑगस्टमध्येच, म्हणजे वॉर्सा अजून जर्मनांच्या ताब्यात असताना, लुब्लिन येथे वाचलेल्या ज्यूंनी एक इतिहास आयोग स्थापन केला होता. इतिहासकार फिलिप फ्रीडमन त्याचे प्रमुख. या आयोगाने काही वर्षांत सुमारे सात हजार जबान्या नोंदविल्या आणि १९४७ मध्ये त्याचे वॉर्सातील ज्यू इतिहास संस्थेत रूपांतर झाले. ज्या ग्रंथालयाच्या इमारतीत ओनेग शब्बातच्या लोकांची ये-जा असे, तिच्यातच ही संस्था आली. दप्तर तिच्या स्वाधीन झाले. परंतु १९५२ मध्ये रिंगेलब्लूम यांच्या नोंदींची जी यिडिश आवृत्ती निघाली ती राजवटीस न रुचणारे भाग गाळून. १९५८ ची इंग्रजी आवृत्ती याच अपुऱ्या मजकुरावर आधारलेली असल्याने जगभरच्या वाचकांच्या हाती कित्येक वर्षे कापलेले रिंगेलब्लूम होते. अधिक पूर्ण यिडिश पाठ १९६१ ते १९६३ या काळात आला. तळघरात लिहिलेला पोलिश-ज्यू संबंधांवरील प्रबंध इंग्रजीत १९७४ मध्ये आणि मूळ पोलिश भाषेत पुस्तकरूपाने तर १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वाचकांसाठी तो लिहिला त्यांच्या हाती पुस्तकरूपाने पडण्यास त्यास ४४ वर्षे लागली. १९६८ च्या ज्यूविरोधी मोहिमेनंतर पोलंडमधील अनेक ज्यू अभ्यासकांनी देशच सोडला होता, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

राजकारणाचा अडथळा समजण्यासारखा आहे. विद्यापीठीय इतिहासकारांचा अडथळा मात्र अधिक बोचणारा आहे, कारण तो पद्धतीच्या नावाने उभा होता. न्यूरेंबर्ग येथील अभियोक्त्यांनी खटल्याचा पाया मुख्यतः जर्मन कागदपत्रांवर घातला. आरोपीच्याच सहीचा कागद आरोपीस नाकारता येत नाही, हे त्यामागील तर्कशास्त्र. न्यायालयास ते शोभले. पण इतिहासकारांनीही तेच उचलले. जेराल्ड रीटलिंगर यांचा १९५३ चा ग्रंथ आणि राउल हिलबर्ग यांचा १९६१ चा युरोपीय ज्यूंच्या विनाशावरील महाग्रंथ, हे दोन्ही प्रामुख्याने जर्मन कागदांवर उभे आहेत. हिलबर्ग यांच्या ग्रंथाची थोरवी वादातीत आहे. रेल्वेची वेळापत्रके, अर्थखात्याची टिपणे, साध्या कारकुनांची परिपत्रके यांतून एका आधुनिक राज्याने हत्या कशी ‘कार्यान्वित’ केली हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी दाखविले नव्हते. तथापि त्या ग्रंथातील ज्यू बहुधा आकड्यांत वावरतात. कागद लिहिणाऱ्याच्या मेजावरून पाहिले तर दुसरे दिसणार तरी काय? हिलबर्ग यांनीच पुढे १९७९ मध्ये चेर्निआकोव्ह याच्या रोजनिशीची इंग्रजी आवृत्ती सहसंपादित केली, ही गोष्ट त्यांच्या संशोधकवृत्तीची द्योतक मानली पाहिजे.

पश्चिम जर्मनीत हा प्रश्न अधिक कटू झाला. योझेफ वुल्फ हे ऑशविट्झमधून वाचलेले अभ्यासक पोलंडमधील इतिहास आयोगाच्या कामात सहभागी होते. पुढे बर्लिनमध्ये राहून त्यांनी नाझी राजवटीच्या कागदपत्रांचे एकामागून एक खंड संपादित केले. पहिला, लेऑन पोल्याकोव्ह यांच्यासह, १९५५ मध्ये. विद्यापीठात त्यांना स्थान नव्हते. वॉर्सातील जर्मन आरोग्याधिकारी विल्हेल्म हागेन याच्या वर्तनाविषयी त्यांनी लिहिले तेव्हा म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेतील मार्टिन ब्रोशाट यांनी हागेनची बाजू उचलून धरली. वुल्फ यांनी जर्मन कागदच पुढे केले होते. तरी त्यांची गणना अभ्यासकांत न होता दुखावलेल्या पक्षकारांत झाली. वान्झे तळ्याकाठच्या ज्या बंगल्यात जानेवारी १९४२ मध्ये संहाराच्या अंमलबजावणीची बैठक झाली, तेथे संशोधनकेंद्र काढावे ही त्यांची सूचनाही १९६० च्या दशकात फेटाळली गेली. १९७४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्या बंगल्यात १९९२ मध्ये स्मारक उघडले. त्यातील ग्रंथालयास आता वुल्फ यांचे नाव आहे. साक्षीदार पक्षपाती आणि अधिकारी तटस्थ, ही समजूत किती भोळी होती हे ब्रोशाट यांच्या मृत्यूनंतर आणखी एका प्रकारे उघड झाले: नाझी पक्षाच्या सभासद-नोंदीत १९४४ सालापासून त्यांचे नाव होते. याने त्यांचे संशोधन रद्द ठरत नाही. पण तटस्थतेचा निकष एकाच बाजूस का लावला जात होता, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आउअरबाख इस्राएलला गेल्या. याद वाशेम या १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेत त्यांनी जबानी-विभाग उभा केला, आणि १९६१ च्या आइखमन खटल्यात साक्षीदारांना मध्यवर्ती स्थान मिळावे यासाठी परिश्रम घेतले. त्या खटल्याने साक्षीदाराचा आवाज जगास ऐकविला. मात्र खटल्यातील जबानी ही १८-२० वर्षांनंतरची आठवण होती. भूमिगत दप्तरातील नोंद ही त्याच दिवसाची. हा फरक विद्यापीठांनी पुरतेपणी ओळखला तो आणखी एका पिढीनंतर. १९८७ मध्ये ब्रोशाट व साउल फ्रीडलेंडर यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, त्यात पीडितांची स्मृती ही मिथकसदृश असते, या मताचा फ्रीडलेंडर यांनी प्रतिवाद केला: जर्मन इतिहासकाराची स्वतःची स्मृतीही तेवढीच तपासली पाहिजे. आपला द्विखंडी ग्रंथ (१९९७ व २००७) त्यांनी जर्मन राज्यकर्त्यांचे निर्णय आणि ज्यूंच्या समकालीन रोजनिशा एकत्र गुंफून रचला. रोजनिशी मध्येच तुटते, आणि ते तुटणे हाच पुरावा असतो. सॅम्युअल कॅसो यांचा रिंगेलब्लूम व ओनेग शब्बात यांवरील विस्तृत ग्रंथही २००७ चाच.

दप्तराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते वॉर्साचे आहे आणि मुख्यतः तेथील यिडिश-पोलिश सुशिक्षितांचे आहे. रस्त्यावर भुकेने मेलेल्या निर्वासितास लेखणी धरण्याचे बळ नव्हते. त्याच्याविषयी लिहिले आहे, त्याने लिहिलेले फारसे नाही. संयोजकांची राजकीय मतेही निवडीत डोकावतात. ज्यू-मंडळावर रिंगेलब्लूम यांची झोड कधीकधी एकांगी वाटते, आणि चेर्निआकोव्हची रोजनिशी शेजारी ठेवल्याशिवाय तिचे माप घेता येत नाही. दप्तराच्याच पद्धतीने दप्तर तपासावे, असा याचा अर्थ.

साधनांचा हा प्रश्न संशोधकांपुरता नाही. शाळेतील वर्गापर्यंत तो पोहोचतो. संयुक्त राष्ट्रांनी १ नोव्हेंबर २००५ च्या ठरावाने २७ जानेवारी, म्हणजे ऑशविट्झच्या मुक्ततेचा दिवस, हा स्मृतिदिन ठरविला आणि सदस्य राष्ट्रांस शिक्षणक्रम आखण्याचे आवाहन केले. पाठ्यपुस्तकांतून वॉर्सा घेट्टोचे जे चित्र सर्वाधिक छापले जाते ते हात वर केलेल्या लहान मुलाचे. ते छायाचित्र उठाव चिरडणाऱ्या युर्गेन श्ट्रोप या एसएस सेनानीने आपल्या वरिष्ठांस सादर केलेल्या अहवालातील आहे. ५६,०६५ ज्यू ‘हाती लागल्याचा’ हिशेब त्या अहवालात आहे, आणि चित्रे विजयाची सजावट म्हणून जोडलेली आहेत. विद्यार्थी ते चित्र पाहतो तेव्हा तो, नकळत, बंदूक रोखणाऱ्याच्या बाजूस उभा असतो. मे १९४२ मध्ये जर्मन चित्रपथकाने घेट्टोत केलेल्या चित्रणाचेही तसेच. उपाशी मुलांशेजारी धनाढ्य ज्यूंच्या मेजवान्यांची दृश्ये त्यांनी रचून घेतली. त्या मूक, अपुऱ्या पटाचे तुकडे १९५४ मध्ये पूर्व जर्मनीच्या संग्रहात सापडल्यानंतर कित्येक माहितीपटांनी ते अस्सल वास्तव म्हणून वापरले. १९९८ मध्ये मिळालेल्या आणखी एका रिळात तोच प्रसंग पुन्हापुन्हा घेतल्याचे दिसले. हे चित्रण रचलेले आहे, हे चेर्निआकोव्हने त्याच महिन्यात लिहून ठेवले होते. वाचणाऱ्यांनी ते वाचले नव्हते, इतकेच.

म्हणून अलीकडे काही स्मृतिसंस्थांतून शिक्षणासाठी घेट्टोतील माणसांचे कागदच पुढे ठेवले जातात: एखाद्या मुलाचा निबंध, एखादे रेशनकार्ड, स्वापाकोवाच्या मुलाखतीतील एखादी स्त्री. प्रेतांच्या ढिगाचे चित्र दाखविण्याआधी जगणारा माणूस दाखवावा, हे धोरण शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने अधिक कठीण आहे. त्यासाठी शिक्षकास भाषा, काळ व घराची रचना समजावून द्यावी लागते, आणि धक्का देऊन मोकळे होता येत नाही.

हे कागद उपलब्ध होण्यासाठी मूळ साधने छापली जाणे अवश्य होते. वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेने १९९७ पासून समग्र दप्तर पोलिशमध्ये प्रसिद्ध करण्याचे काम हाती घेतले आणि ते तीसहून अधिक खंडांत पार पाडले. भिजलेल्या पृष्ठांचे वाचन, यिडिश, हिब्रू व जर्मन मजकुराचे भाषांतर, टोपणनावांची ओळख पटविणे, यांत दोन पिढ्यांच्या अभ्यासकांचे परिश्रम आहेत. मूळ कागद त्याच इमारतीत आहेत. २०१७ पासून तेथील कायम प्रदर्शनात दुधाची एक किटली ठेवलेली आहे; दुसरी वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

दप्तराचा तिसरा भाग एप्रिल १९४३ मध्ये, उठावाच्या तोंडावर, श्विएन्तोयेर्स्का रस्त्यावरील ३४ क्रमांकाच्या घराखाली पुरला गेला होता. युद्धानंतर तेथून काही अर्धवट जळालेली पाने तेवढी मिळाली. त्या जागी आता चीनच्या वकिलातीची बाग आहे. २००३ मध्ये परवानगी घेऊन तेथे खोदकाम करण्यात आले. काही सापडले नाही.